मोडक्या गाड्यांचे देव

पौडच्या बैठकीत परिवहन खात्याचे साहेब बोलत होते आणि जया मागच्या रांगेत, इतर गावांच्या पोलीस पाटलांमध्ये, मान खाली घालून बसली होती. मुळशी तालुक्यात परवान्याविना जुन्या गाड्या तोडण्याचे अड्डे वाढले आहेत, असे साहेबांचे म्हणणे. गाडी मोडीत काढायची तर ती सरकारमान्य केंद्रातच गेली पाहिजे, तिची नोंद रद्द झाली पाहिजे. इकडे होते काय, तर गाडी कुठल्याशा शेडमध्ये तुटते आणि तिचा नंबर चोरीच्या गाडीला लावून कुणीतरी मोकाट फिरतो. लवकरच पथके बाहेर पडणार होती. त्याआधी प्रत्येक पोलीस पाटलाने आपल्या गावापुरता अहवाल द्यायचा होता.

कळवण्याजोगे काही नसले की सरकारी कागदावर ‘निरंक’ असे लिहितात. जयाने तेच लिहिले, सही केली आणि घोटावड्याच्या एसटीत येऊन बसली. घोटावडे शिवारातल्या तिच्या वाडीत, तिच्याच सासऱ्यांच्या जमिनीवर, बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये तिचा धाकटा दीर अमोल काही वर्षांपासून हाच धंदा करत होता.

जया माले गावची लेक. लग्न होऊन वाडीत आली तेव्हा अमोल शाळकरी होता आणि घरात सासू नव्हती. त्याच्या डोक्याला तेल लावण्यापासून ते त्याच्या मास्तरांचे बोलणे ऐकून घेण्यापर्यंत सगळे तिच्याकडे आले. सासरे हैबतराव जुने पोलीस पाटील. त्यांची मुदत संपल्यावर जयाने परीक्षा दिली आणि पाटीलकी घरातच राहिली. नवरा इंद्रजित पिरंगुटच्या कारखान्यात पाळीवर जाई. कुणी विहिरीत पडले, कुणाची पोर घरी आली नाही, बांधावरून दोन भाऊ भिडले, की पहिला फोन जयाला. ती थोडके बोलायची, आणि बोलली ते वाडी मानायची. हा मान तिने पदराआड जपलेल्या दिव्यासारखा जपला होता.

बैठकीहून परतताना ती घरी न जाता शेडकडे वळली. हिरव्या जाळीच्या आत एका जुन्या गाडीचे पत्रे उघडे पडले होते. कातकरी वाडीतला बुधा तिचा पुढचा भाग कापायच्या तयारीत होता. पण गॅस कटर पेटवण्याआधी त्याने काचेखाली चिकटवलेला छोटा गणपती हलक्या हाताने सोडवला, पाण्याने पुसला आणि भिंतीवरच्या फळीवर नेऊन ठेवला. शेडचा हा रिवाज होता. गाडी कुणाचीही असो, तिच्यातला देव काढल्याशिवाय आग लागत नसे. फळीवर कितीतरी गणपती, साईबाबा, मारुती, एखादी मेरीमाताही दाटीवाटीने उभी होती. गणेश विसर्जनाला अमोल त्यांना मुळा नदीच्या पात्रात सोडून येई.

“काय म्हनत्यात तुजं साहेब?” अमोलने विचारले.

“पथक येनार हाय. बंद कर म्हनते मी.”

“वैनी, तू पाटलीन झाल्यापासनं निस्ती बंदच करायला सांगतीस. दारू बंद, डीजे बंद. एक दिवस आबांचं घोरनं बंद करशील.”

“हसू नगं. नंबराचं काय करतोस त्या गाड्यांच्या?”

अमोलने हातातला पाना खाली ठेवला. “पत्रा इकतो, इंजिन इकतो. नंबर न्हाई इकत. तुज्या गळ्याची आन.”

त्या शब्दावर जयाने आपल्या ‘निरंक’चे ओझे जरा हलके करून घेतले.

पथक आज येणार ही बातमी पथकाच्या आधी आली. घोटावड्याच्या टपरीवरून कुणीतरी फोन केला आणि सकाळी सकाळी अमोलने ट्रक बोलावला. पत्रे, दारे, टायर सगळे लादून गेले. तेलाने काळ्या पडलेल्या जमिनीवर मुरूम ओतला, त्यावर पेंढा टाकला आणि चुलत्याच्या दोन म्हशी आणून बांधल्या. शेवटी फळी राहिली. ट्रकवाला म्हणाला, ह्ये पन टाका की वर. त्यावर अमोल आणि बुधा दोघेही त्याच्याकडे असे बघत राहिले की तो मुकाट्याने गाडीत जाऊन बसला. भंगारात देव कोण टाकणार? आणि म्हशींच्या शेणात तरी कसे ठेवणार? अमोलने सगळे देव पाटीत भरले, वर धुतलेले फडके घातले आणि पाटी थेट घरी आणली.

जया शेतावरून परतली तेव्हा हैबतराव माजघरातल्या देवळीपाशी बसून एकेक देव पुसत होते. घरचे टाक मध्ये सरकले होते आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी परक्या गाड्यांचे देव ओळीने बसले होते. सगळ्यांना हळदकुंकू लागले होते.

“आबा, ह्ये हितं कशाला?” तिने दारातूनच विचारले.

“मग कुटं? दारात आल्याला देव म्हनून बसवलं. पथक काय देवघर बघायला येतंय व्हय?”

ती उत्तर देणार तोच बाहेर जीप थांबली.

पथकाच्या प्रमुख एक निरीक्षक बाई होत्या. बरोबर पौडचे एक हवालदार, आणि त्यांच्यामागून उतरले एक म्हातारे गृहस्थ, स्वच्छ पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. जया सर्वांना शेडवर घेऊन गेली. अमोल तिथे वैरण टाकत होता. निरीक्षक बाई शेडभर फिरल्या, पेंढा पायाने सरकवला, मग म्हशींकडे बघत राहिल्या.

“या बसत का नाहीत?”

“नवीन जागा हाय, म्याडम,” अमोल म्हणाला. “लाजत्यात.”

हवालदार हसले. बाई हसल्या नाहीत. मुरमाखालून तेलाचा वास येत होता आणि जनावरे एकेक पाय उचलून पुन्हा टेकवत होती. पण वासाचा पंचनामा होत नाही. शेडमागच्या पावसाळी नाल्यापर्यंत जाऊन आल्यावर बाईंनी घाम पुसला आणि गावोगावच्या रीतीप्रमाणे मंडळी कागद लिहायला पोलीस पाटलाच्या घरी, जयाच्या पडवीत आली.

पडवीतून माजघराचे दार सरळ दिसे. जयाने जाता जाता ते लोटले, पण ते जुने दार अर्धे उघडे राहिले. आत हैबतराव देवळीला पाठ देऊन बसून होते. अमोल पडवीच्या खांबाला टेकून उभा राहिला.

ती चहा घेऊन आली तेव्हा म्हाताऱ्या गृहस्थांनी कप दोन्ही हातांनी धरला.

“हे बंडोपंत,” निरीक्षक बाई म्हणाल्या. “कोथरूडला राहतात. भुकूमच्या वळणावर दूध घालायला निघालेल्या माणसाला एका गाडीने उडवलं, ऐकलं असेल तुम्ही. अजून शुद्धीवर नाही तो. गाडी पळून गेली, पण कॅमेऱ्यात नंबर आला. नंबर यांच्या गाडीचा.”

“माझी गाडी मी गेल्या दिवाळीनंतरच मोडीत दिली हो,” बंडोपंत म्हणाले. ते जयाकडे बघत होते. बहुधा या घरात आपले ऐकून घेईल असे तेवढेच एक माणूस आहे, असे त्यांना वाटले असावे. “फोनवर बोलणं झालं, टोइंगवाला आला आणि घेऊन गेला. घोटावड्याकडे नेतो एवढंच म्हणाला. पावती मागायचं सुचलं नाही. नोंद रद्द करावी लागते हेही माहीत नव्हतं. आता म्हणतात, गाडी तुटल्याचं दाखवा, नाहीतर धडक तुम्हीच दिली.”

“दाखवायला एक वस्तू नाही यांच्याकडे,” हवालदारांनी जोड दिली. “उद्या गुन्हा नोंदवावा लागंल.”

जयाने अमोलकडे पाहिले. तो अंगठ्याच्या नखाने खांबाचा रंग खरवडत होता. त्याने वर पाहिले नाही, आणि त्या न पाहण्यातच तिला तिच्या गळ्याची आण खोटी घेतल्याचे उत्तर मिळाले.

“गाडीत कायच राह्यलं न्हवतं तुमचं?” तिने विचारले. हा प्रश्न विचारायला नको होता, हे तिला विचारता विचारताच कळले.

“राहिलं ना. आमच्या हिने शेगावहून आणलेले गजानन महाराज. संगमरवरी, एवढेसे. एका गुडघ्याचा टवका उडालाय. गेली ती दोन वर्षांपूर्वी. महाराज काढून घ्यायला गेलो आणि म्हटलं, राहू देत, इतकी वर्षं गाडीबरोबर होते, तिच्याबरोबरच जाऊ देत.” ते ओशाळे हसले. “म्हातारपणचं खूळ, झालं.”

माजघरात हैबतरावांनी खाकरले. त्या खाकरण्याचा अर्थ जयाला तोंडपाठ होता. गावकी बसली आणि एखाद्याने बोलू नये ते बोलायला तोंड उघडले, की जुने पोलीस पाटील असेच खाकरत. ते उठून दाराआड आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “जया, भाकरी करपंल बघ. आत ये.”

चुलीवर भाकरी नव्हती.

ती आत गेली. हैबतराव तिच्या आणि देवळीच्या मध्ये उभे होते. टवका उडालेले गजानन महाराज घरच्या खंडोबाच्या टाकाला लागून बसले होते, कपाळावर ताजे कुंकू.

“त्वां वाढवलाय त्याला,” सासरे कुजबुजले. “आईच्या जागी हाईस.”

“व्हय, आबा.”

“मंग?”

“मंग त्ये म्हातारं कुनाच्या जागी हाय?”

हैबतराव बाजूला झाले नाहीत. तिने त्यांना हातही लावला नाही, नुसती उभी राहिली. बाहेर हवालदारांच्या कपाचा बशीवर आवाज झाला. निरीक्षक बाई कागद आवरू लागल्याचे ऐकू आले. “चला, बंडोपंत,” त्या म्हणाल्या. तेव्हा हैबतरावांनी खांद्यावरचे उपरणे काढून तोंडावर धरले आणि ते देवळीसमोरून एक पाऊल सरकले. तेवढेच.

जया पदरात महाराजांना घेऊन बाहेर आली आणि लिहायच्या कागदांशेजारी त्यांना ठेवले.

बंडोपंतांनी त्यांना उचलले नाही. गुडघ्यावरच्या टवक्यावर फक्त बोट ठेवले आणि तसेच बसून राहिले.

निरीक्षक बाईंनी पुन्हा पेन उघडले. “वस्तू कुठे मिळाली?”

“घरात. माज्या घरात, देवळीत.”

“इथे कुणी आणली?”

जयाला नाव घ्यावे लागले नाही. “मी आनली,” अमोल खांबापासून म्हणाला. “गाडी माज्या शेडात तुटली. नंबराची पाटी आन् चासीवरल्या नंबराचा तुकडा मान गावाकडचा एक जन घेऊन गेला. मानसाला उडवायला न्हेतोय, ह्ये मला काय म्हाईत.” मग तो जयाकडे वळला. “झालं का समाधान, पाटलीनबाई?”

त्याने तिला आजवर पाटलीणबाई कधी म्हटले नव्हते.

निरीक्षक बाईंनी जयाचा बैठकीतला अहवालही विचारला. “निरंक लिवलं व्हतं मी,” ती म्हणाली. “खोटं लिवलं व्हतं. त्येबी घ्या त्यात.” बाईंनी तेही लिहिले. उरलेल्या देवांचे जागेवरच फोटो काढले गेले. शेडला सील लागले. म्हशी सोडून नेल्या तेव्हा कुठे त्या रस्त्याकडेच्या गवतात निवांत बसल्या. अमोलला जीपमध्ये बसवताना वाडी आपापल्या दारात उभी होती आणि कुणी जयाकडे बघत नव्हते. पाटीलकी राहणार की जाणार, हे प्रांत कचेरी ठरवणार होती.

हैबतराव दिवसभर जेवले नाहीत. इंद्रजित पाळीवरून आला, ऐकून घेतले आणि शर्ट न बदलता वकिलाला शोधायला निघून गेला. जयाने भाकऱ्या थापल्या, पिठले केले आणि ऊन उतरता उतरता डबा घेऊन पौडच्या ठाण्यात पोचली.

“पाटील म्हणून आलाय का घरच्या म्हणून?” दारावरच्या शिपायाने विचारले.

“घरची.”

अमोल बाकावर भिंतीला डोके टेकून बसला होता. त्याने तिला पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

“आबा जेवलं का?”

“न्हाई.”

“तू?”

तिने डबा त्याच्यापुढे धरला. त्याने डबा घ्यायला हात पुढे केला नाही, परत ने असेही म्हणाला नाही. “ठिव तितं,” म्हणाला.

तिने डबा बाकाच्या कडेला ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात, जिथून तो बाक दिसत होता, तिथे जाऊन बसली. ती तिथे बसून असेपर्यंत त्याने डब्याचे झाकण उघडले नाही. आणि तीही उठली नाही.