मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या

फोनला ताप येतो, हे मला नातवंडं झाल्यावर कळलं. तोवर ताप माणसाला येतो, फार तर वासराला येतो, एवढंच ठाऊक होतं.

आमचं गाव झरीच्या अलीकडं. परभणीहून येणाऱ्या जीपमध्ये 'गिरणीपाशी थांबवा' म्हटलं की ड्रायव्हर बरोबर थांबवतो, कारण आमची पिठाची गिरणी मोठी आणि गिरणीवाल्याची बायको गिरणीहून मोठ्या आवाजाची. तिला सगळे गिरणीवालीच म्हणतात. तिचं घर माझ्या घरासमोर. माझ्या भिंतीला भिंत लावून माझी धाकटी जाऊ. ती इतकी हळू बोलते, की तिचं बोलणं ऐकायला गिरणी बंद व्हावी लागते. या दोघींच्या मधोमध मी, तोंडाचा पट्टा सदा चालू.

माझं शिक्षण चौथी. पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांवर झालं. डाळ डब्यात ओतली की पुडीचा कागद उलगडून वाचायचा. त्यामुळं माझं ज्ञान जरा तुटक आहे. खून कुणाचा झाला ते ठाऊक, कुणी केला ते पुढच्या महिन्याच्या साखरेत. पण गल्लीत वाचणारी बाई मी एकटीच, म्हणून शब्दाला मान होता. दवाखाना कुठला बरा, लेकराचं नाव काय ठेवावं, सगळं मला विचारत. आणि उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजला की मीठ बघायला मलाच हाक यायची. चिकातलं मीठ चुकलं तर वर्षभराच्या कुरडया वाया जातात. ते काम कुणी ऐऱ्यागैऱ्यावर टाकत नाही. मी बोटभर चीक चाखायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, 'अजून अर्धी मूठ.' त्या क्षणाला मी स्वतःला कलेक्टर समजायची, खोटं कशाला सांगू.

तर पुण्याहून माझ्या लेकानं मला फोन आणला. पाटीएवढा. त्यात माझी लेक इतकी लख्ख दिसायची की नाकावरची पुटकुळी मोजावी. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. साऱ्यांच्याच लेकी लांब नांदायला गेलेल्या. मला विचारलं, "अक्का, घ्यावा का?" मी म्हटलं, "डोळे झाकून घ्या. काय झालं तर मी हाय ना!" असं वाक्य शहाण्या माणसानं लग्न जमवतानासुद्धा बोलू नये. सहा जणींनी तसलाच फोन घेतला. त्यात जाऊ होती आणि गिरणीवालीही होती.

हिवाळाभर फोन गुणी लेकरासारखे वागले. होळी झाली आणि नखरे सुरू झाले.

आमची सवड असते दुपारी एक ते तीन. भाकऱ्या आटपल्या, भांडी झाली, पुरुषमाणसं झोपली. लेकींचीही तीच वेळ. आणि वर पत्रे. परभणीच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी दोनला काय असतं ते मी सांगत नाही, पापड न तळता फुगतो एवढंच म्हणते. जाऊ एकदा लेकीशी बोलत बसली होती, तर फोन मध्येच काळा पडला. वर अक्षरं आली, 'फोन खूप गरम झाला आहे. थंड झाल्यावर वापरा.' बाजूला तापमापीचं चित्र. तिनं मला आणून दाखवलं. मी काय म्हणावं?

"तूच नीट धरत न्हाईस. कोंबडी धरल्यागत आवळायलीस त्याला. फोन चांगलाच हाय."

बिचारी गप घरी गेली. चौथ्या दिवशी माझाच फोन काळा पडला. ते मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही.

मग एकेकीचा पडू लागला. दुपारी दोन वाजले की गल्लीत साथ आल्यासारखं व्हायचं. "तुझ्याला आला का ताप?" "आला की माय, आत्ताच आला." आता तापावर घरात जे करतात तेच बायांनी केलं. कुणी माठाच्या झाकणावर ठेवला. कुणी ज्वारीच्या पोत्यात खुपसला. एकीनं सासऱ्याला पंख्याखालून उठवलं आणि तिथं फोन निजवला. सासरा महिनाभर तेच सांगत फिरत होता. आणि माझ्या जाऊनं, लेकरांच्या कपाळावर ठेवतात तशा, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. बदलून बदलून. ताप उतरला, पण फोन कायमचा गार झाला.

घराघरात बायांना बोलणी बसली. "तुमाला वापरता येत न्हाई." "दिवसभर गप्पा मारल्यावर तापंल न्हाई तर काय?" जाऊचा मुलगा आईला म्हणाला, "तुझ्या हातात काही टिकतच नाही." ज्या बाईनं तीस वर्षं एक माठ टिकवला तिला हे ऐकावं लागलं. आणि नळावर गिरणीवाली मला म्हणाली, "अक्का, तुमच्या शब्दावर घेतलाता बरं का."

"फोन चांगलाच हाय," मी म्हटलं, "जरा नीट वापरायचा असतो."

तिनं घागर उचलली आणि चालू लागली. गिरणीवाली गप बसली की समजावं, प्रकरण गंभीर आहे. त्या आठवड्यात गल्लीतल्या दोन घरच्या कुरडया झाल्या. चिकाचा वास माझ्या चुलीपर्यंत आला. मला हाक आली नाही.

ते मला लागलं. मी ठरवलं, कंपनीच्याच तोंडून वदवून घ्यायचं की चूक फोनची आहे. बायांना बोलणी बसायची थांबतील आणि माझा शब्दही धुऊन निघेल.

आम्ही सातही जणी जीपनं परभणीला कंपनीच्या सेंटरवर गेलो. काचेचं दार, आत एसी. हाय रे देवा, काय तो गारवा! गिरणीवाली म्हणाली, "निकाल लागू द्या न्हाईतर न लागू द्या, मी संध्याकाळपर्यंत इथून हलत न्हाई." काउंटरवरच्या पोरीनं एकेक फोन हातात घेतला. जाऊचा सोडून सगळे टुणटुणीत! सासरी रोज भांडणारी सून माहेरच्या माणसांपुढं कशी गरीब गाय होते, तसे.

"काकू, यांना काहीच झालेलं नाही," पोरगी म्हणाली.

"इथं न्हाई होत. बाहेर ये, दाखवते."

"बाहेर ऊन आहे ना काकू."

"तेच तर सांगायलोत माय!"

मग तिनं जाऊचा फोन उघडला. आत एक ठिपका असतो म्हणे, पाणी लागलं की लाल होतो. तो कुंकवासारखा लाल झालेला. "यात पाणी गेलंय. पाण्यात पडला होता का?"

"न्हाई," जाऊ म्हणाली, "पट्टी ठेवलीती."

"कसली पट्टी?"

"मिठाच्या पाण्याची. ताप आलता त्याला."

सगळं सेंटर हसलं. मागं रांगेत उभे असलेले दोन पुरुष तर भिंतीला टेकून हसले. पोरगी हसू दाबत म्हणाली, पाणी गेल्यामुळं वॉरंटीत बसत नाही. जाऊनं पदर तोंडाला लावला. घरी येईपर्यंत तो काढला नाही.

कंपनीला फोन लावला तर आधी सनई, मग 'तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे', परत सनई. एवढ्या सनईत आमच्याकडं एक लग्न लागून पंगत उठते. शेवटी एक माणूस बोलला. "मॅडम, हा फोन पस्तीस डिग्रीपर्यंतच वापरायचा असतो. पुस्तिकेत लिहिलं आहे."

"पस्तीस तर आमच्याकडं होळीला असतं दादा. मग होळीपासून मृगापर्यंत फोन काय कणगीत ठेवू?"

"मॅडम, हाच फोन जर्मनीत व्यवस्थित चालतो."

गिरणीवाली शेजारून ओरडली, "जगात जर्मनी, भारतात परभणी! दोन्हीकडं चालाय पायजे!" त्यानं ठेवूनच दिला.

मग मी कागद घेतला आणि पत्र लिहिलं. चार पानं. पुड्यांवर जेवढं शिकले तेवढं सगळं त्यात घातलं. सात जणींच्या सह्या घेतल्या. अंगठा एकीचाही नाही, हे मुद्दाम सांगते. रजिस्टर टपालानं धाडलं.

आणि बघा, पंधरा दिवसांनी कंपनीच्या साहेबाचा फोन आला. आवाज कोवळाच होता. म्हणाला, अमुक दिवशी परभणीच्या सेंटरला येणार आहे, फोन घेऊन या. मी म्हटलं, "तिथं आणलं की ते बरे होतात. आजारी माणसाला बघायला डॉक्टरनं घरी यावं. दुपारी दोनला या. जेवायलाच या." जेवायला बोलावल्यावर नाही म्हणणं जड जातं. तो आला.

गाडी दारात लागली, पण साहेब उतरेना. काचा वर, आत एसी. खिडकीतून हात काढून म्हणाला, "द्या काकू, इथंच बघतो." गिरणीवालीनं आपला फोन दिला. पाच मिनिटांनी साहेब म्हणतो, "हा तर छान चालतोय."

"उतरा की साहेब," गिरणीवाली म्हणाली, "रस पातळ व्हायलाय."

बाकीच्या सहाही जणी माझ्या पत्र्याखाली भिंतीला पाठ लावून बसल्या. साहेब पाटावर. आंब्याचा रस वाढला, ज्वारीची भाकरी वाढली, गेल्या वर्षीच्या कुरडया तळल्या होत्या. त्याचा शर्ट पाठीला चिकटला. कपाळावरचं पाणी रसात पडू नये म्हणून तो मान मागं करून जेवत होता. त्यानं आपला फोन ताटाशेजारी ठेवला. फोन त्यांच्याच कंपनीचा, आमच्याच जातीचा.

तेवढ्यात तो वाजला. वरच्या साहेबाचा होता. "हो सर, साइटवरच आहे सर. नाही सर, प्रॉडक्टमध्ये काही प्रॉब्लेम वाटत नाही, ग्राहकांच्याच वापरण्यात..."

आणि फोन काळा पडला.

त्यानं डोळ्यांसमोर धरला. तापमापीचं चित्र. मग एकजण म्हणाली, "पाण्यात पडलाता का साहेब?"

"नीट धरत न्हाईत ते," दुसरी म्हणाली.

"दिवसभर गप्पा मारल्यावर तापंल न्हाई तर काय!" ही गिरणीवाली.

आणि माझी जाऊ उठली. तिच्या मनात टोमणा नव्हता, देवाशपथ नव्हता. सवयीनं आत गेली, वाटीत मिठाचं पाणी कालवलं, फडकं भिजवलं, पिळलं, आणि साहेबापुढं धरलं. साहेबानं त्या फडक्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि ते स्वतःच्या कपाळावर ठेवलं. मग जी हसण्याची लाट आली, त्यात माझ्या हातातली रसाची वाटी सांडली.

हसून झाल्यावर मी म्हटलं, "साहेब, आता सांगा. चूक कुणाची?"

"काकू, लिहून नाही देता येणार. नोकरी जाईल."

"बोलून तर येईल? या सगळ्यांकडं बघून बोला. त्यांच्या घरची माणसं दाराबाहेरून ऐकायलेत."

खरंच ऐकत होती, जाऊच्या मुलासकट. साहेबानं फडकं काढलं. मोठ्यानं म्हणाला, "चूक फोनची आहे. तुमची कुणाची नाही."

जाऊनं पदर नीट केला. मला वाटलं, चला, जिंकलं. मी आत रस आणायला वळले, तर गिरणीवालीचा आवाज आला.

"साहेबानं कबूल केलं. तुमी कवा करणार, अक्का?"

"मी काय केलं?"

"धाकटीचा फोन पैला पडला तवा तिला काय म्हणलात? 'तूच नीट धरत न्हाईस.' तुमचा पडला तवा दोन दिवस लपवलात. मी समोरच ऱ्हाते, मला दिसतं. कंपनी काय वेगळं म्हणत होती?"

रसाचं पातेलं हातात घेऊन मी उभी. मनात आलं, आपण म्हणावं, 'माझा हेतू चांगला होता.' मग वाटलं, कंपनीच्या पुस्तिकेतही असंच काहीतरी लिहिलेलं असणार. साहेब माझ्याकडं मोठ्या आपुलकीनं बघत होता. त्याला पहिल्यांदाच कुणी जोडीदार भेटला होता.

मी पातेलं खाली ठेवलं. जाऊपुढं बसले. म्हटलं, "तुला बोलले ती चूक माझी. 'डोळे झाकून घ्या' म्हणाले तीबी माझीच. मला तरी फोनातलं काय कळत होतं? मला फक्त लेक दिसली होती."

जाऊ हळूच काहीतरी म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. ती म्हणाली, "माझी बी दिसलीती, अक्का."

पुढं मृग लागल्यावर कंपनीचं पत्र आलं. 'कोणताही दोष मान्य न करता, केवळ सद्भावनेपोटी' सातही फोन बदलून देत आहोत. मी मोठ्यानं वाचलं. गिरणीवालीनं विचारलं, "म्हंजे माफी हाय का न्हाई?" मी म्हटलं, "माफी न्हाई, फोन हाय." ती म्हणाली, "तुमी बऱ्या मग कंपनीपेक्षा. तुमी माफी मागितली, फोन न्हाई दिला."

पण ते नंतरचं. साहेब गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. समोरच्या छतावरून चिकाचा वास येत होता. मी मान वर केली नाही, खराटा जोरात ओढत राहिले.

"अक्काऽऽ!" अख्ख्या झरीला ऐकू जाईल अशी हाक आली. "चीक गोळा व्हायलाय! मीठ बघायचं का तिथूनच वास घेणार?"

मी खराटा टाकून जिना चढले. तिनं पळीनं बोटभर चीक माझ्या तळहातावर घातला. चाखला. डोळे मिटले. आणि दर वर्षीसारखं 'अजून अर्धी मूठ' ओठांवर आलं होतं, ते मी थांबवलं.

"मला वाटतं अर्धी मूठ कमी हाय," मी म्हटलं. "पण धाकटीलाबी बोलव. दोघींनी चाखू."