आक्काची दक्षिण हद्द

हल्ली सुट्टीला जायच्या कुठल्याही जागेच्या जाहिरातीत 'शांत' हा शब्द असतोच. मी आयुष्यभर बेळगावात शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे व्याख्या न देता वापरलेला शब्द दिसला की माझं डोकं फिरतं. शांत म्हणजे काय? मोर ओरडला तर चालेल का? शेजारच्या खोलीतल्या लोकांनी रात्री पत्ते खेळताना आरडाओरडा केला तर ते शांततेत धरायचं का? फोन करून विचारलं की पलीकडचा माणूस म्हणतो, मॅडम, फुल पीस. यावर काय बोलणार, कपाळ.

माझं आता ठरलंय. जिथे 'पॉइंट' दाखवतात तिथे मी जात नाही. जिथे सकाळी लवकर उठवून सूर्योदय बघायला नेतात तिथे तर मुळीच नाही. एका जागी चार-पाच दिवस जावं, टेकायला भिंत असावी, संडास त्याच पातळीवर असावा आणि 'आज काय करणार?' असं कुणी विचारू नये. बसायला एवढ्या लांब कशाला जायचं, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांनी खुशाल धावावं.

हे शहाणपण मला गेल्या हिवाळ्यात आलं, तेही आक्कामुळे.

आक्का माझी थोरली बहीण. बोरगावात पुतण्याच्या घराला लागून तिच्या दोन खोल्या आहेत. मूलबाळ नाही, दाजी जाऊनही बरीच वर्षं झाली. आमची आई लवकर गेली, त्यामुळे माझी वेणी घालायला आक्का, शाळेत नाव घालायला आक्का आणि लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांना उलटसुलट प्रश्न विचारून घाम फोडायलाही आक्काच. आमचं घराणं जैन. मी नोकरीच्या धबडग्यात नियम एकेक करून सोडले, तिनं एकेक करून वाढवले. दिवस मावळला की तिचं तोंड बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही. पाणी प्यायचं ते कापडातून गाळलेलंच. ते दुहेरी पांढरं कापड घेतल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी बोरगावला गेले होते. शेंगा फोडता फोडता ती म्हणाली, "म्होरच्या चातुर्मासात महाराजांसमोर दिग्व्रत घ्यायचं ठरवलंय मी."

दिग्व्रत म्हणजे मुनीमहाराजांसमोर चारी दिशांना हद्द बांधून घ्यायची. उत्तरेला अमुक गाव, दक्षिणेला तमुक, आणि मरेपर्यंत त्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. ही हद्द पुढे कमी करता येते, वाढवता येत नाही.

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. कारण त्याच आठवड्यात मी मुलाला 'येते' म्हणून सांगितलं होतं. मुलगा पुण्यात. त्याचे वडील गेल्यापासून त्याचा एकच धोशा, बेळगावचं घर बंद कर आणि इकडं ये. माझ्यासाठी त्यानं एक खोली रंगवूनही ठेवली होती.

"मग उत्तरेला पुणं घाल," मी म्हटलं.

"बघू की."

आक्काचं 'बघू की' म्हणजे नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. वर्षातून दोनदा ती बेळगावला येते, आठ-आठ दिवस राहते, माझ्या स्वयंपाकघरातले डबे आपल्या मनासारखे लावून जाते. पुणं हद्दीबाहेर राहिलं तर हे संपलं. पुढे माझं काही बरंवाईट झालं तरी ती येणार नाही, आणि नियम म्हटल्यावर तिला कुणी हलवूही शकणार नाही. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी भांडते. भांडले.

"परक्या जागी माझं जमत न्हाय गं," ती शांतपणे म्हणाली. "तुझा पोरगा नि सून रातच्याला नऊला जेवणार. मी सहाला. माझ्यापायी त्यांची तारांबळ कशाला?"

"परक्या जागी जमतंय हे मी दाखवलं तर?"

"दाखव की."

तेव्हा शाळामास्तरणीच्या डोक्यात आलं ते असं: हिच्या हातात एक हिवाळा आणि एक उन्हाळा आहे. तेवढ्यात हिला दोन-तीन निवांत जागी न्यायचं, आराम म्हणजे काय ते चाखवायचं, की पुण्याचं भय जाईल. तशी आक्का काही घरकोंबडी नाही. यात्रेच्या बसमधून तिनं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त देश बघितलाय. पण ती यात्रा कशी? पहाटे उतरा, डोंगर चढा, दर्शन घ्या, पळत खाली या, बसमध्ये चढा. एवढं फिरून आवडलं काय, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "आवडायला कुठं बसलेच न्हाय मी."

पहिली जागा मी निवडली जांबोटीच्या पुढे, रानातली. चकाचक. मी फोनवर खोदून खोदून विचारलं होतं. जैन जेवण मिळेल का? मिळेल. कांदा, लसूण, बटाटा, गाजर काही नको. नसेल मॅडम. तवा वेगळा? वेगळा. मी स्वतःवर खूश. आम्ही दुपारी पोचलो. मऊ गादी, गरम पाणी, खिडकीबाहेर झाडंच झाडं. आक्कानं गादी दाबून बघितली आणि म्हणाली, "बरं हाय की." मला वाटलं, जिंकलं.

साडेपाचला मी स्वयंपाकघराकडे गेले तर तिथं कुलूप. आचारी सातला येतो म्हणे. जेवण साडेआठला, शेकोटीभोवती, संगीतासह. मी त्या मॅनेजरवर अशी काही तुटून पडले की विचारू नका. तो बिचारा म्हणत होता, मॅडम, जैन थाळीच आहे, सगळं वेगळं केलंय. त्याचं काय चुकलं? काय खायचं ते मी सगळं विचारलं होतं, कधी खायचं तेवढं विचारलं नव्हतं. जैन घरातल्या बाईनं जेवणाची वेळ विचारायला विसरावं. पळत खोलीवर जाऊन मी पिशवीतला चिवडा काढला तोवर डोंगराआड दिवस बुडाला होता.

आक्कानं चिवड्याकडे बघितलंही नाही. शेकोटीपाशी खुर्चीवर पदर डोक्यावर घेऊन बसली. लोक नाचत होते, तिच्यापुढे थाळी येऊन परत गेली. "घडला उपास, बरं झालं," एवढंच म्हणाली. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत निघालो. बसमध्ये राग माझा मलाच येत होता.

दुसऱ्या वेळी मी प्रश्न बदलले. माझ्या शाळेतल्या एका जुन्या सोबतिणीनं कणकुंबीकडचं एक घर सुचवलं होतं. नवराबायको राहतात, मुलं गोव्याला नोकरीला, त्यामुळे मागच्या दोन खोल्या देतात. मी बाईंना फोन लावला.

"संध्याकाळी चूल कधी पेटते?"

"दिवस मावळायच्या आत जेवून हात धुतो हो आम्ही. लाईटचा भरवसा न्हाय."

"पाणी कुठलं?"

"दारातली विहीर हाय."

"बघण्यासारखं काय आहे तिथं?"

बाईंनी जरा विचार केला. "काय न्हाय हो," त्या ओशाळून म्हणाल्या.

मी लगेच येतो म्हणून सांगितलं.

माघाचे दिवस होते. बेळगावहून निघणारी बस दिवसातून मोजकीच, तीही वाटेत माणसं, गॅसच्या टाक्या, पिल्लांची टोपली असं सगळं घेत जाणारी. आक्का खिडकीपाशी बसली. घरात पोचल्यावर तिनं तीन गोष्टी बघितल्या: चूल, विहीर आणि ओसरीवरची भिंत. मग भिंतीला पाठ लावून पाय लांब करून बसली, ती पाच दिवस तिथंच.

खोटं वाटेल, पण त्या पाच दिवसांत आम्ही काहीही केलं नाही. सकाळी गुरं रानात जाताना बघायची, संध्याकाळी परत येताना बघायची. मधल्या वेळात घरच्या बाईंबरोबर चिंच फोडायची. दुपारी आक्का चक्क घोरत झोपायची. पाचच्या सुमाराला बाई ताट वाढायच्या, भाकरी, कुळथाची आमटी, भात. दिवस असतानाच सगळे जेवून मोकळे. कुणाची तारांबळ नाही, कुणाला आक्काची अडचण नाही. मी मनातल्या मनात पुण्याची हद्द आखत होते.

दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी आक्का विहिरीवर पाणी गाळत होती. आमच्यात गाळून झाल्यावर कापड उलटं धरून त्यावर गाळलेलंच पाणी ओततात, आणि कापडावर अडकलेले बारीक जीव त्या पाण्याबरोबर परत विहिरीत सोडतात. घरच्या बाई मदतीला आल्या आणि ते पाणी वरूनच भिरकावायला निघाल्या.

"वरनं नको गं," आक्कानं त्यांचा हात धरला. "एवढ्या उंचावरनं पडल्यावर काय जगत्यात? दोरीनं खाली सोडायचं, पाण्याला टेकवून."

"आणि त्या झाडाला घातलं तर?" बाईंनी विचारलं.

"ज्या पाण्यातलं त्याच पाण्यात सोडायचं. दुसऱ्या पाण्यात सोडलं तर जगत न्हाईत."

मी ओसरीवर चहा पीत होते. हे मी लहानपणी शंभरदा ऐकलेलं. तेव्हाही ऐकून सोडून दिलं होतं, आताही दिलं. परतीच्या बसमध्ये मी आक्काला म्हटलं, "बघितलंस? परक्या जागी जमतंय का न्हाय?"

"लई जमलं," ती म्हणाली. "दिवाळी झाल्यावर परत यायचं."

यंदा चातुर्मासातल्या पर्युषणात मी बोरगावला गेले. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, महाराजांसमोर व्रत घेणाऱ्यांची रांग होती. दोनचार जणांनी मोठ्या यात्रेची तीर्थं हद्दीत घातली, कुणी मुलाचं बेंगळूरु घातलं. मी खांबाला टेकून उभी. आक्काची पाळी आली. हात जोडून, आवाज न चढवता ती म्हणाली, "पूर्वेला चिकोडी. पश्चिमेला घाट उतरणार न्हाय. उत्तरेला कोल्हापूर."

कोल्हापूर. पुण्याच्या पाव रस्त्यावर संपलं सगळं.

"दक्षिणेला कणकुंबी."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कणकुंबीत ना आमचं तीर्थ, ना नातं. महाराजांनीही पुन्हा विचारून घेतलं. ती पुन्हा तेच म्हणाली.

बाहेर पायरीवर चपला घालताना तिनं माझ्याकडे बघितलं. "रागावलीस?"

"व्हय."

"नळाच्या पाण्याचं मी काय करू गं तिथं? गाळलेलं परत कुठं सोडू?"

"म्हणजे नळासाठी मला सोडलंस."

"तुला कुठं सोडलं?" तिला खरंच कळेना. "कणकुंबीला जायची बस बेळगावातनंच सुटती न्हवं? जाताना तुझ्याकडं चार दिवस, येताना चार दिवस. तुझ्या परड्यात विहीर हाय, म्हणून तर तेवढी लांब हद्द बांधली. खाली सोडायला दोरी मात्र न्हाय तुझ्याकडं आता, मोटर लावून ठेवलीस. दोरी घेऊन ठेव."

मी पुण्याला जाणार आहे, खोली रंगवून झाली आहे, हे तिला सगळं माहीत होतं. तिनं त्यातला कुठलाच विषय काढला नाही. जाऊ नको म्हणाली नाही, रडली नाही. फक्त मरेपर्यंतच्या हद्दीत माझं घर धरलं, आणि त्या घरात मी असणार हेही धरूनच टाकलं. आता ती हद्द वाढत नाही. वर्गात एवढी वर्षं मी ज्या फळ्यापुढे उभी राहिले, त्यावर असं सरळ गणित मला कुणी घालून दिलं नव्हतं. डोळे भरून आले, ते तिनं बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

बेळगावला आल्यावर मुलाला फोन केला. मधनंमधनं येत जाईन म्हटलं, राहायला नाही. तो म्हणाला, खोली तशीच ठेवतो. चांगला आहे माझा मुलगा.

परवा रविवार पेठेत जाऊन दोरी आणली. विहिरीत सोडून बघितली, पाण्याला टेकायला थोडी कमी पडत होती. काल जाऊन बदलून आणली.