राव सारांचा परत आलेला रिपोर्ट

सेतुमाधवरावांबद्दल लिही असं मला कोणी सांगितलेलं नाही. सांगणार कोण? चेन्नईतल्या अंबत्तूरच्या त्या कारखान्यात मराठी येणारी माणसं दोनच, ते आणि मी. त्यातले ते आता घरी बसलेत. त्यामुळे जे काही आहे ते मलाच लिहायला हवं, आणि मला त्याचा भयंकर कंटाळा आलाय. तरी लिहिते.

मी अलकनंदा, मूळची सांगलीची. नवऱ्याची रेल्वेत नोकरी, म्हणून अकरा वर्षं चेन्नईत. छोट्या कारखान्यांची जुनी कंप्युटरं जिवंत ठेवायची हा माझा धंदा. जुनी मशीनं मरत नाहीत, त्यांना जोडलेली कंप्युटरं मरतात. मग मालक मला फोन करतात आणि जणू मीच ती मारली अशा सुरात बोलतात.

राव सार म्हणजे सेतुमाधवराव; ‘सार’ हा इकडचा ‘सर’. कारखान्यात सगळे त्यांना राव सारच म्हणायचे. तंजावरकडचे मराठी, राहायला वेस्ट मांबलममध्ये, वय साठ. उंच, वाळलेले, कपाळाला बारीक गंध, खिशाला दोन पेनं. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. तीनशे वर्षांपूर्वीचा कोणी कारकून तमिळ चालीत बोलतोय असं वाटलं. ‘मज’, ‘तुम्हांस’, ‘घरास’, आणि मध्येच ‘सेरी’. सेरी म्हणजे बरं, ठीक आहे. दिवसातून दोनशे वेळा सेरी.

त्यांच्याकडे बॅलन्सिंग मशीन होतं. मोठमोठ्या पंख्यांची लोखंडी चक्रं त्यावर चढवून जोरात फिरवायची, आणि कुठल्या बाजूला वजन जास्त आहे ते बघायचं. जड बाजू तशीच राहिली तर चक्र थरथरतं, बेअरिंग खातं, आणि एखाद्या दिवशी सुटून समोरच्या माणसाच्या अंगावर येतं. म्हणून प्रत्येक चक्राचा रिपोर्ट निघायचा आणि त्याखाली राव सारांची सही असायची. एकतीस वर्षं. एवढ्या वर्षांत एकही रिपोर्ट परत आला नव्हता. ही गोष्ट ते फुशारकीनं कधी सांगत नसत, पण विचारलं की लगेच सांगत.

त्यांची एक रीत होती. कारखान्यात एक नमुन्याचं चक्र होतं, त्याचं वजन कुठे किती चुकतं ते पक्कं ठाऊक होतं. ते कामाआधी फिरवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फिरवायचं. दोन्ही वेळा आकडा बरोबर आला तरच मधल्या कामावर सही. लॉरी दारात उभी असली तरी सही दुसऱ्या दिवशी. मालकाचा मुलगा वेंकट आता कारभार बघतो. तो या रीतीवर कातावायचा. राव सार म्हणायचे, सेरी, आणि सही दुसऱ्या दिवशीच करायचे.

मागच्या ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला ते निवृत्त होणार होते. मला म्हणाले, “अम्मा, मज एकच पाहिजे. मशीन चालू असतां हातांत देऊन जाणें. आणि एकही रिपोर्ट परत न येणें.” आणि नेमकं त्या महिन्याच्या सुरुवातीला मशीनचं कंप्युटर गेलं. चौदा वर्षांचं होतं ते, त्याला तरी काय बोलणार!

आता इथे थोडं माझ्या कामाचं सांगावं लागेल. मशीनची थरथर मोजणारं एक कार्ड त्या कंप्युटरच्या पोटात होतं. कार्ड ठणठणीत होतं. पण त्याचा प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चालतो, आणि नव्या कंप्युटरवर जुनं विंडोज चढत नाही. मग काय करायचं? नव्या कंप्युटरच्या आत एक खोटं, नुसतं सॉफ्टवेअरचं कंप्युटर बनवायचं आणि त्यात जुनं विंडोज ठेवायचं. घरात पोटभाडेकरू ठेवल्यासारखं. एरवी या भाडेकरूला काही हवं असलं की तो बाहेरच्या घरमालकाकडे मागतो आणि मालक आणून देतो. पण आमच्या कार्डावर सेकंदाला हजारो आकडे येऊन पडतात. प्रत्येक आकडा मालकाच्या हातून घ्यायचा म्हटलं तर निम्मे वाटेतच सांडतात. म्हणून कार्डाची स्वतःची जी मेमरी असते, तीच सरळ आतल्या कंप्युटरच्या ताब्यात द्यायची. मालक मध्ये नाही. काम झटपट होतं. फक्त एक, मध्ये कोणी नाही म्हटल्यावर आलेला आकडा खरा की भंपक हे बघणारंही कोणी नाही.

सोमवारी नवं कंप्युटर आलं. जुन्यातून कार्ड मी काढलं आणि राव सारांच्या हातात दिलं. चौदा वर्षांत ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. दोन्ही हातांत धरून उभे राहिले बिचारे. नवी वस्तू आली की चंदन-कुंकू लावल्याशिवाय इकडे बटण दाबत नाहीत. सायकल असो, लेथ असो, नाहीतर प्रिंटर. मी हात धुवायला गेले आणि आले तोवर त्यांनी कार्ड जागेवर बसवून, कंप्युटरचा डबा बंद करून, वर गंधाचे तीन ठिपके दिले होते. मी म्हटलं, “झाली का पूजा? आता चालू करू?” ते म्हणाले, “सेरी.”

सोमवार गेला, मंगळवार गेला. आतलं विंडोज उठलं, कार्ड दिसलं, प्रोग्रॅम चालला, आणि आकडे नुसते भटकायला लागले. नमुन्याच्या चक्राला बारा यायला हवा, तर कधी बारा, कधी सतरा, कधी नऊ. मी कार्डाच्या मेमरीचे पत्ते बदलले, सेटिंगं बदलली, सगळं पुसून पुन्हा घातलं. हात टेकले मी! शुक्रवारी गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर कारखाना बघायला येणार होता, आणि सहा चक्रं बुधवारी संध्याकाळच्या लॉरीनं त्यांच्याकडे जायची होती. वेंकट दर अर्ध्या तासानं दारात येऊन उभा राहायचा. घड्याळ बघायचा आणि परत जायचा. बोलला असता तर बरं झालं असतं.

बुधवारी दुपारी मी कार्डाच्या मेमरीच्या पत्त्यांत एक फरक केला. नमुन्याचं चक्र फिरवलं. बारा. पुन्हा फिरवलं. बारा. दहा वेळा फिरवलं, दहाही वेळा बारा! मी खुर्चीतच उडाले. वेंकटनं टाळी दिली. सहाही चक्रं चढवली, मोजली, वजनं लावली, रिपोर्ट छापले.

राव सारांनी पेन काढलं आणि पुन्हा टोपण लावलं. “अम्मा, उद्यां सकाळीं एकदां फिरवून बघूं की. आम्ही दोनदां बघतों.”

मी तीन दिवसांची दमलेली होते. घरी पोरीची परीक्षा, नवरा दौऱ्यावर. मी फाडकन म्हणाले, “राव सार, आता काय बघायचं राहिलंय? चूक पत्त्यातच होती, मी ती काढली. माझी गॅरंटी. उगीच संशय नका काढू.”

त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मग म्हणाले, “तुम्ही म्हणतां तर सेरी.” आणि सहाही रिपोर्टांवर सही केली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, सकाळची वाट न बघता. लॉरी गेली.

गुरुवारी सकाळी मी पोचले तेव्हा ते मशीनपाशी उभे होते. नमुन्याचं चक्र फिरत होतं. पडद्यावर सतरा. मग नऊ. मग चौदा.

मी पुन्हा सेटिंगात डोकं घातलं. ते मात्र खोलीभर बघत होते. रात्री खोलीतला एसी बंद असतो. ऑक्टोबरातली चेन्नई, भिंतीला हात लावला तर ओला होतो. ते म्हणाले, “सकाळीं वाईट, दुपारीं बरं. तीन दिवस असंच.” मग त्यांनी डबा उघडला, आत टॉर्च धरला. कार्डावर, मशीनच्या तारा जिथे जोडल्या जातात त्या टोकांपाशी, चंदनाचा एक ठिपका. वर कुंकू. वरच्या ठिपक्यांसोबत त्यांनी आतही एक दिला होता, मी हात धुवायला गेले तेव्हा. पूजा खऱ्या वस्तूची व्हायला हवी, डब्याची काय करायची! तो ठिपका रात्रभर ओल पिऊन फुगायचा आणि वीज इकडची तिकडे झिरपू द्यायचा. दुपारपर्यंत एसीत सुकला की आकडा बरोबर. माझ्या पत्त्याबित्त्याचा काडीचा संबंध नव्हता. मी बुधवारी जे काही ‘काढलं’ ते दुपारच्या कोरड्या हवेनं काढलं होतं.

त्यांनी स्पिरिटनं कार्ड पुसलं. चक्र फिरवलं. बारा. एसी बंद करून, दार उघडं टाकून, तासभर थांबून पुन्हा फिरवलं. बारा.

मला तर हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू! मी म्हटलं, “सुटलो बाई एकदाचे.” ते खाली स्टुलावर बसले. म्हणाले, “ती सहा चक्रं मोजलीं तेव्हां ठिपका होता.”

“पण आकडा तर बारा येत होता!”

“पहिल्याच्या आधीं बारा होता. सहाव्याच्या वेळीं काय होतं, कोणास ठाऊक? पांच वाजतां एसी बंद पडला होता, करंट गेला होता. मी बघितलं होतं.”

मलाही आठवलं. वीस मिनिटं वीज नव्हती; कंप्युटर बॅटरीवर होतं, जनरेटरवर मशीन फिरत होतं, आणि आम्ही घामाघूम होऊन शेवटची दोन चक्रं उरकली होती.

ते उठले आणि गिऱ्हाइकाला फोन लावला. वेंकटला न विचारता. तमिळमध्ये, सावकाश, एकेक शब्द सांगितला: आमचे सहा रिपोर्ट धरू नका, चक्रं बसवू नका, परत पाठवा. एकतीस वर्षांत परत न आलेला रिपोर्ट त्यांनी स्वतःच परत बोलावला होता.

शुक्रवारी चक्रं परत आली, सोबत इन्स्पेक्टरही. सगळ्यांसमोर पुन्हा मोजली. पाच बरोबर. सहावं, मर्यादेच्या तिप्पट जड, एका बाजूला.

इन्स्पेक्टर तो आकडा वहीत लिहून घेत होता. म्हणाला, “राव सार, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं. बसवून मोकळे झालो असतो.”

राव सार म्हणाले, “तुम्हाला कळलं असतं तर मी कशाला सांगितलं असतं?”

इन्स्पेक्टर गेल्यावर वेंकटनं आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. गिऱ्हाईक पुढची ऑर्डर थांबवणार होतं. तो म्हणाला, “चंदन कोणी लावलं?”

“मी.”

“सही कोणाची?”

“माझी.”

“दोनदा फिरवल्याशिवाय तुम्ही सही करत नाही ना? माझ्या वडिलांच्या वेळेपासून ऐकतोय. मग या वेळी काय झालं?”

केबिनमध्ये पंखा फिरत होता. मला माहीत होतं काय झालं ते. राव सारांनाही माहीत होतं. ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं, आणि मी मान खाली घातली. वर्षभराच्या देखभालीचा करार वेंकटच्या टेबलावर पडला होता, फक्त त्याची सही व्हायची होती. माझी गॅरंटी, उगीच संशय नका काढू, हे मी म्हटलं होतं, मोठ्यानं, वेंकटच्या देखतच. पण तो तेव्हा लॉरीवाल्याशी फोनवर होता, आणि मराठी त्याला येतच नाही. मी मूग गिळून बसले.

राव सार म्हणाले, “घाई झाली. चूक माझी.”

वेंकटनं त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. महिना भरायला सोळा दिवस उरले होते. हार नाही, निरोप नाही, कोणाच्या हातात मशीन देणं नाही. ते म्हणाले, सेरी. बाहेर जाऊन त्यांनी नमुन्याचं चक्र कापडानं पुसलं आणि झाकून ठेवलं. गेटपर्यंत मी त्यांच्यामागे गेले, तर मलाच म्हणाले, “दमलां तुम्ही. घरास जा, निजा.”

दहा दिवसांनी त्यांचा चष्मा, जेवणाचा डबा आणि काही कागद द्यायच्या निमित्तानं मी वेस्ट मांबलमला गेले. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दारात कोलमची रांगोळी, आत कॉफीचा वास. त्यांच्या बायकोनं, तुळसीबाईंनी, मला हाताला धरून आत नेलं. राव सार खुर्चीत पेपर वाचत होते. दहा दिवसांत किती म्हातारे झाले होते! मला बघून उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, “ही अलकनंदा. हिनंच मशीन चालू केलं. नाहीतर भंगारांत जाणार होतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, “राव सार, त्या दिवशी मीच तुम्हाला...”

“कॉफी घ्या,” ते म्हणाले. “सही माझी होती.”

तुळसीबाई म्हणाल्या, “काय झालं म्हणून मी विचारतें, तर हे सांगतच नाहींत. चंदन सांडलं म्हणतात. चंदन सांडलं म्हणून कोणास घरीं पाठवतात काय हो?”

मी कॉफी प्यायले. छान होती असं म्हणाले. उठले.

या गोष्टीला आता चार महिने झाले. मशीन उत्तम चाललंय, दर सकाळी आकडा बारा येतो. करारावर वेंकटनं सही केली आणि दर पंधरा दिवसांनी मी तिथे जाते. बुधवारी दुपारी मी काय बोलले होते ते त्याला मी अजून सांगितलेलं नाही.