टिटवीवाले भाऊजी

आमच्या भाऊजींच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला पाण्याआधी स्पिरिट मिळायचं, आणि तेही मनगटावर. पाहुणा खुर्चीत टेकतो न टेकतो तोच भाऊजी एक छोटी बाटली घेऊन यायचे, त्याच्या मनगटावर थेंब टाकायचे आणि म्हणायचे, "फुंका." पाहुणा बावचळून फुंकर घालायचा. गार लागलं का, असं भाऊजी विचारायचे. लागलेलं असायचंच. मग त्यांचा चेहरा असा काही उजळायचा, की तो गारवा त्यांनीच घरी तयार केला असावा. आतून ताई ओरडायची, की आधी पाणी तरी विचारा. पण तोवर भाऊजी इंजिनापर्यंत पोचलेले असत.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उमरेडच्या बाजूला एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपात इंजिनीअर होते. आमचं गाव काटोलकडचं, म्हणून कॉलेजसाठी मी ताईकडे राहायला आले. ताईचं घर शहराच्या कडेला, प्रताप नगरात; तिथं तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. भाऊजींच्या घरामागे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये एक जुनी दोन दारांची गाडी. तिच्या इंजिनाला त्यांनी टर्बोचार्जर बसवला होता. खाणीतलं एक लहान विलायती यंत्र मोडीत निघालं, तेव्हा भंगाराच्या लिलावात त्यांनी तो रीतसर घेतला होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तोच पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, हे मला त्यांनी पोळी लाटण्याच्या पोळपाटावर पीठ पसरून समजावलं होतं. गाडीचा वेग चढला की तो पंखा बारीक शीळ घालायचा. त्या शिळेमुळे ताईनं गाडीचं नाव टिटवी ठेवलं आणि मग मोहल्ल्यानं भाऊजींचं टिटवीवाले.

जास्तीची हवा कोंबली की साधं पेट्रोल वेळेआधीच पेट घेतं आणि इंजिन आतून ठोके खातं. त्यावर भाऊजींचा उपाय म्हणजे स्पिरिट. पेट्रोलमध्ये स्पिरिट मिसळलं की इंजिनात जाणारी हवा गार होते, ठोके थांबतात, ताकद वाढते. पाहुण्याच्या मनगटावरचा थेंब त्यासाठी होता. पेट्रोलचे भाव एकाएकी भडकले होते तो काळ. उसाच्या मळीपासून स्पिरिट निघतं, मळी आपल्याकडे वाया जाते, मग परदेशापुढे हात का पसरायचा, असं ते तळमळून बोलायचे. सरकारी कचेरीत खेटे घालून त्यांनी स्पिरिटचा परवाना मिळवला होता.

या सगळ्यात त्यांच्या बरोबरीचे होते रामटेके. त्याच वर्कशॉपात वेल्डर. टिटवीच्या धुराची नळी टर्बोपर्यंत वळवून आणायचं अवघड काम त्यांच्या हातचं. दर रविवारी ते शहराच्या दुसऱ्या टोकाहून, इंदोऱ्याहून, सायकलनं यायचे आणि दोघं शेडमध्ये शिरायचे. रामटेके त्यांना साहेब म्हणायचे, भाऊजी त्यांना अहोजाहो करायचे. काही बिघडलं की भाऊजींचं ठरलेलं वाक्य असे, "यंत्र खोटं बोलत नाही, रामटेके. आपण नीट ऐकत नाही एवढंच." रामटेके म्हणायचे, "मंग ऐकू ना साहेब," आणि दोघं इंजिनाशी कान नेऊन उभे राहायचे.

शहरातल्या हौशी मोटारवाल्यांनी वाडीच्या पुढे, अमरावती रोडवर, एका रविवारी सकाळी गाड्यांची शर्यत ठेवली. भाऊजींनी टिटवीचं नाव दिलं. स्पिरिट मिसळलेल्या पेट्रोलवर गाडी धावणार, हे वर्तमानपत्रात आधीच छापून आलं. गणपती नुकतेच उठले होते आणि हवेत दमटपणा होता. त्या सकाळी मी शेडमध्ये चहा घेऊन गेले, तेव्हा भाऊजी काचेची बाटली उजेडापुढे धरून उभे होते. त्यांना हाक मारली, तर त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी चहा ठेवून परत आले. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

बाटलीत काय होतं ते पुढे कळलं. स्पिरिटला पाण्याची ओढ असते. दमट हवेतलं पाणी त्यात उतरलं होतं आणि पिंपातलं मिश्रण फाटलं होतं. वर पेट्रोल, खाली पाणी आणि स्पिरिट. त्यावर गाडी धावणं शक्य नव्हतं. रामटेके अंतिम रेषेवर उभं राहायला पुढे निघून गेले होते. मंडपात पाहुणे येऊन बसत होते. शेडच्या कोपऱ्यात विमानाच्या पेट्रोलचा एक डबा होता, तुलनेसाठी आणून ठेवलेला. त्या पेट्रोलवर टर्बो असूनही इंजिन ठोके खात नाही. भाऊजींनी टाकी रिकामी केली आणि तो डबा ओतला.

टिटवी त्या दिवशी अशी धावली, की तिच्यापुढे कुणी टिकलं नाही. तिची शीळ रस्त्याच्या या टोकाला आम्हाला ऐकू येत होती. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात उसाच्या बळावर धावणारी गाडी असं म्हटलं, भाऊजींच्या हाती चषक दिला. रामटेक्यांच्या आई खास इंदोऱ्याहून आल्या होत्या. त्यांनी भाऊजींच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि त्यांच्या गालांवरून हात फिरवला. टाळ्या वाजत होत्या. भाऊजी खाली बघत होते. आम्हाला वाटलं, लाजले.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. कुणी अभिनंदनाला आलं की शेडमध्ये जाऊन बसायचे. मनगटावर थेंब टाकायची बाटली कपाटात गेली ती गेलीच. ताईनं विचारलं, तर थकलोय म्हणाले.

पुढच्या रविवारी रामटेके आले ते खुशीत. त्यांच्या साळ्याची जीप होती आणि त्यात बसून घरची माणसं कामठीकडे एका लग्नाला जाणार होती. पिंपात उरलेलं मिश्रण नेऊ का, असं त्यांनी विचारलं. सगळ्या वऱ्हाडाला दाखवतो म्हणाले. मी आणि ताई ओट्यावर गहू निवडत होतो. भाऊजी म्हणाले, थोडं थांबा, एकदा तपासून घेऊ. रामटेके हसले.

"त्याच्यावरच तर आपली टिटवी उडाली ना साहेब. आता काय तपासाचं?"

भाऊजींनी शेडकडे पाहिलं. मग म्हणाले, "घ्या."

तो एक शब्द त्यांना पुढे जन्मभर पुरला.

जीप कामठीच्या अलीकडे रेल्वे फाटकावर, ऐन रुळांवर बंद पडली. तळाचं पाणी इंजिनात गेलं होतं. बायका-पोरं उतरली, पुरुषांनी ढकलायला सुरुवात केली. गाडी एकदम पुढे सरकली आणि रामटेक्यांचा डावा हात जीप आणि फाटकाचा खांब यांच्यामध्ये सापडला. जीप निघाली, माणसं वाचली. हाताची दोन बोटं मात्र कायमची ताठ झाली. वेल्डरचा हात तो.

पट्टी बांधलेल्या हातानं रामटेके आमच्या घरी आले, तेव्हा मीच दार उघडलं. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. भाऊजी बाहेर आले. रामटेक्यांनी हाताबद्दल एक अक्षर काढलं नाही. आपलंच काहीतरी चुकलं, पिंपातून काढताना नळी घाण असेल, असं ते सांगत राहिले. शेवटी म्हणाले, "साहेब, माझ्यापायी तुमच्या मिश्रनाचं नाव खराब झालं. माफी मागाले आलो."

भाऊजी भिंतीला धरून उभे होते. त्यांनी तिथंच, दारात, सगळं सांगितलं. फाटलेलं मिश्रण, विमानाच्या पेट्रोलचा डबा, आणि घ्या म्हणताना पिंपात काय आहे हे आपल्याला माहीत होतं, हेही.

रामटेक्यांना ते उमगायला वेळ लागला. "म्हंजे त्या दिवशी आपली गाडी धावलीच नाही?"

"धावली. पण स्पिरिटवर नाही."

"म्हंजे नाहीच धावली," रामटेके म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. एका हातानं सायकल ढकलत नेताना ते कोपऱ्यापर्यंत दिसत होते.

भाऊजी चषक घेऊन शर्यतवाल्यांकडे गेले. त्यांनी तो ठेवून घेतला, पण गोष्ट बाहेर काढू नका म्हणून सांगितलं, कारण त्यात त्यांचीही नाचक्की होती. माझी आई गावाहून आली आणि झाकलेलं होतं ते उघडं कशाला केलं म्हणून जावयाला बोलली. ताईनं एवढंच विचारलं, की मला तरी का नाही सांगितलं. वर्कशॉपात त्यांनी पाळी बदलायच्या वेळी सगळ्या कामगारांपुढे उभं राहून कबुली दिली. काहींनी माना फिरवल्या, काही हसले. त्या दिवसापासून ते डबा एकटेच खाऊ लागले.

एक दिवस ते ताईला आणि मला घेऊन इंदोऱ्यात गेले. रामटेक्यांच्या आईलाही सांगायला हवं, त्यांनी हार घातला होता, असं त्यांचं म्हणणं. म्हातारी दारातच बसली होती. रामटेके आतून आले आणि चौकटीशी उभे राहिले. भाऊजी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, की आई, मी खोटं बोललो. म्हातारीला ऐकायला कमी येत होतं.

"काय म्हनून राहिला गा?"

भाऊजींनी आवाज चढवला. तिनं कानामागे हात धरला. भाऊजी आणखी मोठ्यानं बोलले. गल्लीतली माणसं थांबली, शेजारच्या घरातून बायका बाहेर आल्या. मग भाऊजींनी ओरडून सांगितलं, की त्या दिवशी मी सगळ्यांना फसवलं, तुमच्या मुलाचा हात माझ्यामुळे गेला. मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं. ताईनं माझा दंड घट्ट धरला होता. रामटेके पुढे आले नाहीत, त्यांना थांबवलंही नाही.

म्हातारीनं सगळं ऐकलं. रडली नाही, रागावलीही नाही. लेकाच्या हाताकडे पाहिलं आणि भाऊजींना म्हणाली, "मंग आता खरं करून दाखव. माह्या पोराच्या हातानं केलेली गाडी हाय ते."

थंडीला सुरुवात झाली तेव्हा एका रविवारी रामटेके आले. फाटकातूनच म्हणाले, "आई म्हनते म्हनून आलो साहेब. माझं मन आलं नाही अजून." भाऊजी मान डोलावून बाजूला झाले. नंतरचे कित्येक रविवार ते दोघं कामापुरतंच बोलले. रामटेके स्टुलावर बसून सांगायचे आणि भाऊजी कानस चालवायचे, नट आवळायचे. रामटेके डाव्या हातात चहाचा कप घेऊ शकत नसत. ते कप उजव्या हातात घेईपर्यंत भाऊजी दुसरीकडे बघत.

स्पिरिटमधलं पाणी काढायला त्यांनी चुनकळी वापरली. कोरडं स्पिरिट घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवलं. दर वेळी बाटलीत मिश्रण काढून रामटेक्यांनी पाहायचं, असा भाऊजींनीच नियम केला. स्वतः बघायचे नाहीत. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही, म्हणायचे.

मग एका सकाळी अमरावती रोडच्या त्याच पट्ट्यावर टिटवी नेली. मंडप नव्हता, पाहुणे नव्हते. वाडीच्या गोदामांकडे जाणारे ट्रक तेवढे जात-येत होते. ताई, मी, रामटेके आणि त्यांच्या आई एवढेच होतो. भाऊजींनी गाडीची किल्ली रामटेक्यांपुढे धरली. त्यांनी आधी बाटली उजेडापुढे धरून पाहिली, नीट पाहिली, आणि मगच गाडीत बसले. टिटवी लांब गेली, वळली आणि शीळ घालत आमच्या समोरून निघून गेली. पहिल्या वेळेइतका वेग नव्हता, पण एकही ठोका नाही. रामटेके उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आता धावली, साहेब."

"हो," भाऊजी म्हणाले. "तुमची धावली."

तिच्या चाकामागे भाऊजी पुन्हा कधी बसले नाहीत. पुढे टिटवी रामटेक्यांकडेच गेली. त्यांना वर्कशॉपात वेल्डिंग जमेना म्हणून हत्यारांच्या खोलीत बसवलं होतं. भाऊजी रोज कामावर चढताना त्या खोलीच्या खिडकीशी थांबायचे. काय बोलायचे ते मला माहीत नाही. ताई सांगायची, की झोपेतसुद्धा ते कधी कधी "थांबा, घेऊ नका" असं म्हणायचे. त्यांची कुणी स्तुती केली, मग ती भाजी चांगली आणली एवढ्यापुरती का असेना, की पकडल्या गेलेल्या माणसासारखी त्यांची मान खाली जायची. त्यांनी स्वतःला माफ करावं असं मला फार वाटे. पण मला ते सांगता आलं नाही, आणि सांगून उपयोग झाला असता असंही नाही.

निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना भाऊजी हृदयविकारानं गेले. खाणीच्या सभागृहात शोकसभा झाली. बोलायला उभे राहिलेले साहेब नव्यानंच बदलून आले होते. त्यांनी कुठून तरी जुनी हकीकत मिळवली होती. उसाच्या स्पिरिटवर गाडी पळवून शर्यत जिंकणारा आपला दूरदृष्टीचा सहकारी, असं ते मोठ्या आवाजात सांगू लागले. टाळ्या वाजवायला हात वर झाले. मी ताईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

मागच्या रांगेतून रामटेके उठले.

"साहेब, माफ करा. ते शर्यत त्यांनी जिकली नव्हती. त्या दिवशी टाकीत स्पिरिट नव्हतं." त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली. "ते असते तर त्यांनीच उठून सांगतलं असतं. ते नाहीत, म्हनून मी सांगून राहिलो."

वर झालेले हात खाली आले. रामटेके खाली बसले. पुढच्या रांगेतून ताई उठली, सगळ्यांच्या देखत मागे गेली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.