कुणाशी न जमणारा वायू
माझे अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन चौथीपुरतेच, कुणी वाचलेच तर सांभाळून घ्यावे. आज पोहे गूळखोबऱ्यात कालवताना त्या वासाने यरुशलेमचे जुने घर आठवले. माझा मोठा मुलगा सैन्यातून सुखरूप परतला होता आणि सासूबाईंना मलिद्याचा, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंच्या गोड पोह्यांच्या प्रसादाचा, नवस फेडायचा होता. घर लहान, म्हणून पाहुणे इमारतीखालच्या मिकलातमध्ये, म्हणजे बॉम्बपासून लपायच्या खोलीत, बसणार होते. पण नगरपालिकेचा माणूस मोजून सांगून गेला की तिथे जमिनीतून रेडॉन वायू येतो, कोंडलेल्या खोलीत बसू नका. सासूबाईंनी बंद दारासमोर ऊद पेटवला. शाळेत रसायनशास्त्र शिकणारी माझी मुलगी आजीला हिब्रूत म्हणाली, "सावता, धुराने काय होणार? तो वायू सहसा कशाशीच संयोग करत नाही." सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या आईवर गेलाय. मग हाकलायचा कसा?" "खिडक्या उघडून." किल्ली होती वरच्या मोरोक्कन बाईकडे, आणि मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. तरी गेले. माझे हिब्रू मोडके, म्हणून हातवारे करून सांगितले. ती पंखा घेऊनच खाली आली आणि गंजलेल्या लोखंडी खिडक्या आम्ही दोघींनी जोर लावून उघडल्या. दोन दिवसांनी त्या माणसाने पुन्हा मोजले आणि खिडक्या उघड्या ठेवून बसायला हरकत नाही म्हणाला. मलिदा झाला. त्या बाईने मूठभर पोहे रुमालात बांधून घेतले, तिचा मुलगा तेव्हा सरहद्दीवर होता. तोही सुखरूप आला. आता त्याची मुलगी सैन्यात आहे, आणि आजचा मलिदा तिच्या नावाचा आहे.