खुळखुळ्याची ड्युटी

आमच्या केंद्राच्या केस पेपरवर सगळ्यात खाली ‘इतर माहिती’ असा एक रकाना आहे. रुंदी दोन बोटं. वजन, झोप, भूक, गोळ्या यांना भरपूर जागा आणि माणूस प्रत्यक्षात कसा सुटला, त्याला दोन बोटं! मग जे तिथे मावत नाही ते माझ्या डोक्यात साठतं. स्वयंपाकघरातल्या कपाटात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसं. एक ओढायला जावं तर दहा अंगावर पडतात.

मी मूळची जळगावची. एमएसडब्ल्यू करून धुळ्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून लागले, त्याला तीन वर्षं झाली. स्वभाव घाबरट. दार जोरात वाजलं तरी माझ्या हातातलं पेन उडतं. अशी मुलगी दारू सोडवायला काय मदत करणार, असं आईलाही वाटतं आणि मलाही.

खालच्या सगळ्यांची नावं बदलली आहेत. लिहायची परवानगी मागायला गेले तेव्हा प्रत्येकाची तक्रार मात्र एकच होती: “नाव कशाला बदलता? आम्ही काय चोरी केली?”

*

प्रकाशभाऊ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. वाजवतात म्हणजे काय, धुळ्यापासून पाचोऱ्यापर्यंत लोक सुपारी देताना “मास्टर तेच येणार ना?” असं विचारून घेतात. आमच्याकडे दाखल झाले तेव्हा हात इतके थरथरत होते, की चहाचा कप ओठांपर्यंत पोचायचा नाही.

तीन आठवड्यांनी हात थांबले आणि प्रकाशभाऊ माझ्याकडे समुपदेशनाला आले. कॉलेजात शिकवलं होतं तसं मी कागदावर वर्तुळं काढली. मध्ये पेशंट, भोवती आधार देणारी माणसं. म्हटलं, अडचणीच्या वेळी जे धावून येतात त्यांची नावं लिहा. भाऊंनी भराभरा नऊ नावं लिहिली. मी खूश! एवढा भक्कम आधार आजवर कुणाच्याच कागदावर नव्हता.

मग एकेकाची ओळख विचारली. नऊच्या नऊ जण त्यांच्याबरोबर प्यायला बसणारे. मी म्हटलं, भाऊ, हे कसे काय आधार?

“ताई, पडल्यावर उचलून घरी हेच आणतात.”

बायकोचं नाव त्यात नव्हतं. शोभावहिनी मुलीला घेऊन पाचोऱ्याला माहेरी गेल्या होत्या. जाताना भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की एक अख्खी लग्नसराई कोरडी काढून दाखवा, मी येते. एका जरी लग्नात घेतली, तर फोनसुद्धा करू नका.

*

आता बँडवाल्याला लग्नसराई कोरडी काढायला सांगणं म्हणजे काय, ते वरातीत नाचलेल्या कुणालाही कळेल. नवरदेवाचे मित्र स्वतः घेतात ते घेतातच, पण मास्टरला पाजल्याशिवाय वाजवण्यात रंग भरत नाही अशी त्यांची पक्की समजूत असते. वाजवणारा थांबला रे थांबला की ग्लास पुढे. नको म्हणावं तर राग! “आमच्या लग्नात नाही म्हणतो?”

आमचे डॉक्टर सर म्हणाले, हे वर्ष बँड सोडा, दुसरं काही करा. भाऊ शांतपणे म्हणाले, “सर, लग्नात नको तर काय दहाव्याला वाजवू?”

दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे बैठक असते. दारू सोडलेले आणि त्यांच्या घरचे, सगळे येतात. त्या बैठकीत हा विषय निघाला. तिथे नाना होते, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, अकरा वर्षं दारूला न शिवलेले. नाना म्हणाले, गोळ्या पोटात जातील, पण ग्लास पुढे येईल तेव्हा शेजारी माणूस पाहिजे. प्रत्येक वरातीत आपल्यातलं एक जण भाऊंच्या सोबत जाईल.

पण परक्याच्या वरातीत बँडच्या मधोमध चालणार कसं? यावर भाऊंनीच उपाय सांगितला. बँडमध्ये एक वाद्य असं असतं, जे येत नसलं तरी चालतं. खुळखुळा! बँडचे मालकही तयार झाले. त्यांना काय, फुकटचा माणूस. लाल कोट मिळाला, सोनेरी झालरीचा, एकाच मापाचा. कुणाला कधी जायचं त्याचा तक्ता मी नोटीस बोर्डावर लावला. वर लिहिलं ‘सोबत’. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ते खोडून नानांनी लिहिलं होतं, ‘ड्युटी’.

*

पहिली ड्युटी नानांचीच. पारोळ्याकडचं एक गाव, भर उन्हात वरात. कोट नानांच्या गुडघ्यांपर्यंत येत होता. खुळखुळा त्यांना जमत नव्हता ते जाऊ द्या, पण बत्तीस वर्षांची कंडक्टरची सवय! समोर गर्दी तुंबलेली त्यांना बघवेना. चौकात पोरं नाचायला थांबली की नाना मागून सुरू करायचे, “चला पुढे सरका, पुढे जागा आहे, मधे उभे राहू नका.”

आणि लोक सरकले! आवाजच तसा. नाचणारे सरकले, करवल्या सरकल्या, घोडी सरकली. ग्लास भरायला कुणाला उसंतच मिळाली नाही. वरात मांडवात पोचली तेव्हा मुलीकडचे अजून खुर्च्या मांडत होते आणि नवरीची वेणी अर्धी झाली होती.

त्या गावात मुहूर्तावर लागलेलं ते पहिलं लग्न, असं म्हणतात. भटजींनी नानांचा नंबर मागून घेतला.

*

दुसरी ड्युटी शेठची. शेठ म्हणजे राजस्थानी घरातले, धुळ्यात दोन पिढ्यांचं कापड दुकान. दारू सोडून तीन वर्षं झालेली, पण बाहेर कुणाला पत्ता नाही. गुरुवारी बैठकीला यायचे तेव्हा घरी सांगायचे, बँकेत चाललो. तक्त्यात स्वतःचं नाव बघून त्यांना घाम फुटला. शेवटी गॉगल आणि मास्क लावून लाल कोटात उभे राहिले. ओळखणं अशक्य!

मांडवाच्या दारात मुलीच्या वडिलांनी दोन मिनिटं निरखून पाहिलं. लग्नाचा अख्खा बस्ता त्यांनी शेठच्याच दुकानात बांधला होता.

“शेठ,” ते हळूच बाजूला घेऊन म्हणाले, “धंदा इतका बसला?”

दुसऱ्या दिवशी दुकानात सांत्वनाला माणसं. एक जण तर पोह्यांचा डबा घेऊन आला. चार जणांना शेठनी हसून उडवून लावलं. पाचव्याला मात्र, का कोण जाणे, खरं ते सांगून टाकलं. मी दारू प्यायचो, सोडली, आता एकाला सोडायला सोबत करतोय.

तो पाचवा माणूस उठून गेला. गुरुवारी बैठकीच्या दारात उभा. “शेठ म्हणाले बँकेत या.”

*

अक्कांचे यजमान आमच्याकडेच बरे झाले. आता ते घरी शेळ्या सांभाळतात आणि अक्का बैठकीला येतात. त्या म्हणाल्या, मी कोट घालणार नाही अन् खुळखुळाही हलवणार नाही. मी ताकाची किटली घेऊन बाजूनं चालेन.

मला काळजी. एकट्या बाई, समोर पंचवीस तरणी पोरं, सगळी चढलेली. मी त्यांना दोन तास नकार कौशल्यं शिकवली. नजर कशी ठेवायची, वाक्य कसं छोटं ठेवायचं, समोरच्याचा अपमान कसा टाळायचा. अक्कांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

अमळनेरजवळची वरात. थांबा आला, नवरदेवाचा एक मित्र ग्लास घेऊन भाऊंकडे आला. अक्का मधे गेल्या आणि एकच प्रश्न विचारला.

“कोना पोर शे रे तू?”

पोरानं ग्लास पाठीमागे लपवला. बापाचं नाव सांगितलं. अक्कांनी दुसऱ्याकडे बघितलं. तो आपण होऊन आजोबांपर्यंत नावं सांगू लागला. पंधरा मिनिटांत अर्ध्या वरातीच्या हातात ताक होतं. माझी नकार कौशल्यं तशीच राहिली.

*

सगळंच असं हसतखेळत गेलं नाही. मेच्या मध्यात एका दुपारी भाऊंचा फोन आला. त्या दिवशी लग्न नव्हतं, म्हणून तक्त्यात कुणाचं नावही नव्हतं. मुलीचा वाढदिवस होता. भाऊंनी फोन लावला होता आणि तिकडून कुणी उचलला नव्हता. ते दारूच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर बसून बोलत होते. म्हणाले, ताई, आता काही इलाज नाही.

अशा वेळी काय बोलायचं याची माझ्याकडे छापील पुस्तिका आहे. मी स्वतः ती नव्या लोकांना शिकवते. पण घाबरल्यावर मला माझं नावसुद्धा आठवत नाही. मी फोनमध्ये ओरडले, “भाऊ, तिथंच बसा! अजिबात हलू नका!”

फोन ठेवल्यावर कळलं मी काय बोलले. दारूच्या दुकानासमोर! हलू नका!

नानांना घेऊन रिक्षानं पोचायला पाऊण तास लागला. रस्त्यात कुठलासा मोर्चा होता. मी रिक्षात रडत होते आणि नाना रिक्षावाल्याला पुढे सरकायला सांगत होते. पोचलो तर भाऊ त्याच कट्ट्यावर, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत बसवल्यासारखे. ऊन थेट तोंडावर आलेलं. शर्ट भिजला होता, पण सरकले नव्हते.

“उठून आत जाणारच होतो,” ते म्हणाले. “पण तुम्ही हलू नका म्हणालात ना.”

केस पेपरवर मी लिहिलं, ‘फोनवरून समुपदेशन केले. परिणामकारक.’ सर वाचून बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.

*

लग्नसराईतली शेवटची तारीख. सुपारी पाचोऱ्याची. पत्ता भाऊंनी दोनदा वाचला, कारण लग्नघर त्यांच्या सासरवाडीपासून दोन गल्ल्यांवर होतं. वहिनींचा इतक्या दिवसांत काहीही निरोप नव्हता. एवढी एक वरात कोरडी पार पडली की अट पूर्ण होणार होती. नाही पडली, तर सगळंच गेलं.

ड्युटी नानांची होती, पण त्यांचा गुडघा सुजलेला. शेठकडे पाहुणे. अक्कांची शेळी व्यायला टेकलेली. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी पंख्याकडे.

तर अशा रीतीनं मी सलवार कमीजवर लाल कोट चढवून पाचोऱ्याच्या रस्त्यावर खुळखुळा हलवत निघाले. लोक बँड सोडून मलाच बघत होते. त्यात नवरदेवाच्या भावाला सुतळी बॉम्बची भारी हौस. प्रत्येक बॉम्बला मी वीतभर उडायचे आणि मागचा ढोलवाला ती इशारत समजून ठेका बदलायचा. तीनदा ग्लास पुढे आला, तीनदा भाऊंनी मान वळवली.

मारुतीच्या देवळापाशी नवरदेव दर्शनाला उतरला आणि बँड थांबला. तेवढ्यात माझ्या पायाशी बॉम्ब! मी कान झाकून, डोळे मिटून खाली बसले. खुळखुळा घोडीच्या पायांत गेला. डोळे उघडले तर ट्रम्पेट बँडच्या टेंपोच्या बॉनेटवर आणि भाऊ गायब.

टेंपोमागे पोरांचा प्यायचा अड्डा होता. तिथे पाहिलं, नव्हते. टपरीवर नव्हते, देवळात नव्हते. नानांना फोन केला. ते म्हणाले, आधी श्वास घे. अक्का म्हणाल्या, शेळीनं दोन पिल्लं दिली, तू रडू नको. शेठ नुसतेच “अरे देवा” म्हणत राहिले. मी गल्लीगल्लीतून धावत होते, अंगात लाल कोट, झालर अर्धी सुटलेली. एका ओट्यावर बसलेल्या आजोबांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि काही न विचारता समोरच्या घराकडे हात केला.

मी आत घुसले. भाऊ पाटावर बसले होते, बनियनवर. समोर पाण्याचा तांब्या. सासरे कोपऱ्यात पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते. दारापाशी शोभावहिनी भाऊंचा लाल कोट मांडीवर घेऊन तुटलेलं बटण लावत होत्या. मला धाप लागलेली.

वहिनींनी दोरा दातानं तोडला. कोट झटकून भाऊंच्या अंगावर टाकला. बाहेरून ढोलवाल्यानं एक ठोका दिला, चला म्हणून. भाऊ उठले.

वहिनी पण उठल्या. पदर कमरेला घट्ट खोचला आणि माझ्यापुढे हात केला.

“आता तुमचा कोट द्या, ताई. अन् तो खुळखुळा कुठं टाकला?”