पंच आणि ताईची कवळी

जगात आजवर एकही पंच धड डोळे घेऊन मैदानात उतरलेला नाही, असं ज्याचं ठाम मत होतं, त्याचंच नाव लोकांनी पंच ठेवलं होतं. धंदा त्याचा कवळ्या बनवण्याचा. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती. तिथे खिडकीखाली त्याचं टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, मेण वितळवायला छोटी शेगडी आणि डोक्यावरच्या फळीवर रेडिओ. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई दात काढायच्या आणि मागच्या खोलीत हा दात बसवायचा. खुर्चीत आ वासून पडलेल्या माणसाला भिंतीपलीकडून "अरे पास दे, पास दे की बैला" असं ऐकू आलं की तो दचकायचा. डॉक्टरीणबाई शांतपणे सांगायच्या, घाबरू नका, आमच्या काकांचा फुटबॉल चाललाय.

एका शनिवारची मॅच तर त्याच्या कित्येक महिने पचनी पडली नाही. निळ्या शर्टांचा क्लब हा त्याचा क्लब. त्यांचा दुसरा गोल टीव्हीवर रेघ ओढून ऑफसाइड ठरवला होता. पायाचा अंगठा शेवटच्या बचावपटूच्या पुढे होता म्हणे. माणूस नखं कापायला विसरला तर गोल रद्द करणार का, असा त्याचा सवाल होता. तो त्याने पोस्टमनला विचारला, प्लास्टरच्या पिशव्या घेऊन येणाऱ्याला विचारला आणि एका आजोबांनाही विचारला. आजोबांच्या तोंडात तेव्हा माप घेण्याचा मसाला भरलेला होता. त्यांना मान डोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं आणि पंचाने ती संमती धरली.

प्रशिक्षकाबद्दल तर बोलायलाच नको, असं म्हणून तो प्रशिक्षकाबद्दल बराच वेळ बोलायचा. एक-शून्य अशी आघाडी असताना या शहाण्याने डावखुऱ्या पोराला बाहेर काढलं आणि बचावाला आणखी एक खांब उभा केला. नुसते खांब रोवून मॅच जिंकता येत असती, तर वीज कंपनीनेच कप नेला असता. शेवटी व्हायचं तेच झालं. कॉर्नरवरून चेंडू आला, पाचही खांब जागच्या जागी उभे राहिले, टकल्या गोलकीपर घर सोडून बाहेर धावला आणि बरोबरी झाली. हे सगळं सांगताना पंचाच्या हातातलं मेण थंड व्हायचं आणि त्याला ते पुन्हा तापवावं लागायचं.

पण खरं सांगायचं तर ही मतं अर्धवट होती. पंचाचं मत पुरं व्हायला समोर ताई लागायची.

ताई त्याची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. आयुष्यभर तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी केली. तिचा आवाज असा खणखणीत, आणि एकेक अक्षर असं सुटं, की पलीकडचा माणूस नंबर दुसऱ्यांदा विचारायचा नाही. तिला फुटबॉलचा तिटकारा होता. तिचा जीव बास्केटबॉलवर. दर रविवारी दुपारी पंच तिच्या घरी जायचा, टीव्हीवर आधी फुटबॉल लागायचा, मग बास्केटबॉल आणि दोन्हींच्या आधी, मध्ये आणि नंतर भांडण. दीड तास बावीस माणसं उन्हातान्हात धावणार आणि गोल किती, तर एक, कधी तोही नाही, त्यापेक्षा मी बाजारातून जाऊन येते, असं ती म्हणायची. यावर पंच म्हणायचा की जिथे दर अर्ध्या मिनिटाला आनंद होतो, तिथे आनंदाला भाव काय राहिला? तुझ्या त्या लंबूने टोपलीत चेंडू टाकला तर त्यात कौतुक कसलं, त्याला तर टाचासुद्धा उचलाव्या लागत नाहीत. मग ताई लंबूची बाजू घेऊन तुटून पडायची. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत या गदारोळात गाढ झोपायचे. त्यांना मुळी झोप लागायचीच या आवाजाने.

आणि मग ताईचे दात गेले. हिरड्यांचं दुखणं बरीच वर्षं अंगावर काढलेलं, शेवटी डॉक्टरीणबाईंनी सगळेच दात काढायला लावले. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसवता येत नाही, त्यामुळे काही महिने तसेच काढायचे होते. पहिल्या रविवारी ताई नेहमीसारखी टीव्हीसमोर बसली. लंबूला कोणीतरी कोपर मारलं आणि ती तारस्वरात "फाउल" म्हणून ओरडली. निदान तिला तसं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते "पाऊल". भावोजी खडबडून जागे झाले आणि कोणाच्या पावलाला काय झालं म्हणून खुर्चीखाली बघायला लागले. पंचाला हसू आवरेना. तो पोट धरून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि हसता हसता त्याने ताईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिने तोंडावर रुमाल धरला होता.

त्या दिवसापासून ताईची दातखिळी बसली, दात नसताना बसली. मान हलवायची, हाताने खुणा करायची, फारच झालं तर मोबाइलवर दोन शब्द टाइप करून दाखवायची. पंचाने दातांच्या कण्या केल्या, पण ती काही बोलेना. पुढच्या रविवारी त्याने मुद्दाम खोडी काढली, म्हणाला की बास्केटबॉल हा उंच माणसांना कामाला लावण्यासाठी काढलेला खेळ आहे. एरवी यावर घरात भूकंप झाला असता. ताई उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावत बसली. पुढे पुढे रविवारी सकाळीच तिचा मेसेज यायला लागला, आज डोकं दुखतंय, येऊ नकोस.

पंचाला ते लागलं. एवढी मतं पोटात घेऊन माणसाने जावं कुठे? बायकोला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, ती सगळ्याला "हो ना" म्हणायची आणि "हो ना" ऐकून पंचाला भरल्या घरात एकटं वाटायचं. एकदा भावोजी दवाखान्यात येऊन मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले. घर फार गप्प झालंय, म्हणाले, दुपारची झोपच लागत नाही. मग म्हणाले, "तिचे दात लवकर कर बाबा. फोन वाजला तरी उचलत नाही ती आता. जन्मभर फोन उचलणारी बाई."

झालं. पंचाने ताईचं काम हातात घेतलं आणि रेडिओ बंद केला. हे आजवर कधी झालं नव्हतं. प्लास्टरच्या साच्यावर मेणाची हिरडी उभी केली आणि तिच्यात एकेक दात बसवायला घेतला. साधारणपणे तो ओठांच्या आणि गालांच्या मापाने जायचा. पण ही ताई होती. तिचे दात त्याला तोंडपाठ होते. लहानपणी तो हरला की ज्या दातांनी ती हसायची ते, पुढचे दोन जरा लांब, जरा बाहेर आलेले आणि दोहोंच्या मध्ये एक बारीक फट. त्याने ते तस्से बसवले. मेणातली ती कवळी त्याने हातात धरून बघितली. विशीतली ताई त्याच्या तळहातावर हसत होती.

कवळी पक्की करण्याआधी मेणातच तोंडात घालून बघतात. डॉक्टरीणबाईंनी ताईला खुर्चीत बसवलं, कवळी घातली आणि साठपासून सत्तरपर्यंत आकडे मोजायला सांगितलं. त्या सगळ्यांनाच हे आकडे मोजायला लावायच्या, कारण साठीतल्या आकड्यांत "स" ठासून भरलेला आहे आणि दातांची परीक्षा "स"मध्ये होते. पंच दाराआड उभा होता. ताईने कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. साठ बरा गेला. एकसष्टला थोडी सुरसुर झाली. बासष्टला चक्क शिट्टी वाजली, अशी खणखणीत की मैदानावर असती तर खेळ थांबला असता. ताईने पुढचा आकडा म्हटलाच नाही. तिने रुमाल काढला, कवळी काढून बशीत ठेवली, पर्स उचलली आणि निघून गेली.

डॉक्टरीणबाई कवळी घेऊन मागच्या खोलीत आल्या. "काका, पुढचे दात बाहेर आहेत," त्या म्हणाल्या. "दोन मिलिमीटर."

पंच उसळला. दोन मिलिमीटर म्हणजे काय असतं, डोळ्यांना दिसतं तरी का, तिचे दात असेच होते, मी जन्मापासून बघतोय, तुम्ही कालच्या. डॉक्टरीणबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की तिचे दात तसे होते हे खरं, पण ते तेव्हा होते. आता जबडा झिजलाय, ओठ आत गेलाय. तुम्ही त्या वेळच्या मुलीची कवळी केलीत आणि ही बाई त्या कवळीने बोलू शकत नाही. एवढं बोलून त्यांनी टेबलावरची पट्टी साच्याला लावून दाखवली.

पंचाने पट्टीकडे पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेघ स्पष्ट होती आणि दात रेघेच्या पुढे होते.

"ऑफसाइड," तो पुटपुटला.

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादा निकाल मान्य केला. सोपं गेलं नाही. ती दोन मिलिमीटर मागे ढकलायची म्हणजे ती विशीतली ताई पुसून टाकायची. त्याने मेण तापवलं, पुढचे दोन दात काढले, आत घेतले, टोकं घासून आखूड केली. फट तेवढी ठेवावी असं फार वाटलं. हवा तिथूनच निसटत होती, म्हणून तीही बुजवली. ताईला पुन्हा बोलावलं, तर ती डॉक्टरीणबाईंच्या आग्रहाखातर आली, पण दोन-चार आकडे ओठांतल्या ओठांत पुटपुटून गप्प झाली. धड वाजले की नाही, कोणालाच कळलं नाही. शेवटी मेणाच्या जागी पक्का गुलाबी मसाला भरून कवळी शिजवली, घासली, चकचकीत केली आणि भावोजींच्या हाती पाठवून दिली.

रविवारी सकाळी "येऊ नकोस" असा मेसेज आला नाही, म्हणून पंच गेला. ताईने दार उघडलं. कवळी तोंडात होती, गाल भरलेले दिसत होते, पण ओठ घट्ट मिटलेले आणि हातात रुमाल. फुटबॉलची मॅच झाली, निळे जिंकले, तेही तीन गोलांनी आणि पंचाच्या तोंडून त्यावर एक अक्षर निघालं नाही. त्याचं लक्षच नव्हतं. मग बास्केटबॉल लागला. लंबूचा संघ अटीतटीने खेळत होता. पंच टीव्हीकडे तोंड करून बसला होता, पण डोळे तिरपे करून ताईच्या ओठांकडे बघत होता. वरचा ओठ फुगलाय का? खालचा अडतोय का? दुखत तर नसेल? शेवटचा डाव सुरू झाला तरी तो ओठच बघत होता.

भावोजी खुर्चीत नुसतेच डोळे मिटून पडले होते. त्यांनी विचारलं, "स्कोअर काय झाला रे?"

"त्रेसष्ट-एकसष्ट," पंच म्हणाला. मघाशी कधीतरी बघितलेला आकडा त्याने ठोकून दिला.

"सहासष्ट," ताई म्हणाली. "सहासष्ट-चौसष्ट. डोळे कुठे आहेत तुझे?"

चुकीचा आकडा तिला जन्मात सहन झाला नव्हता. नोकरीच तशी केली होती तिने. ताईचा हात रुमालाकडे गेला, पण तेवढ्यात पडद्यावर लंबूने फ्री थ्रो चुकवला आणि पंचाने सवयीने नाक मुरडलं. मग तो हात परत फिरला तो थेट पंचाच्या दिशेने.

नाक मुरडायचं काम नाही, ती म्हणाली. पोराचं मनगट दुखावलंय, गेल्या तीन मॅचेस बघतेय मी. आणि तुझ्या त्या टकल्या गोलकीपरला कोणी सांगा की गोल सोडून फिरायला जायचं नसतं. त्या शनिवारचा ऑफसाइड घेऊन तू अजून गावभर रडतोयस असं ऐकलं. "अंगठा कसला, अख्खं पाऊल पुढे होतं त्याचं. आणि पाऊलच म्हणतेय मी, फाउल नाही."

आधी भावोजी फिसकन हसले, मग ती स्वतः हसली, तोंड उघडून, रुमालाशिवाय. पंचही हसला असता, पण त्याला त्या "अख्खं पाऊल"चा राग आला होता. अख्खं पाऊल? कोणत्या चष्म्यातून बघितलंस? तो खुर्चीतून उठला. ताईही उठली. तिने टीपॉयवरचे दोन पेले पुढे घेतले आणि हा बचावपटू, हा तुझा खेळाडू, असं म्हणत रेघ कुठे येते ते त्याला दाखवायला लागली. त्याने पेला मागे सरकवला, तिने पुढे ओढला. एवढ्या महिन्यांची मतं तिच्या पोटात साचली होती आणि ती एकेक करून बाहेर काढत होती. प्रशिक्षकाचे खांब, नवा शर्ट, समालोचकाचा बसका आवाज, काहीही सुटलं नाही. लंबूचा संघ जिंकला तेव्हा दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. भावोजी घोरत होते. दिवेलागणीला पंच घरी निघाला तेव्हा जिन्यात उतरतानासुद्धा ती वरून काहीतरी सांगत होती आणि तो खालून नाकारत होता.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी मागच्या खोलीत डोकावून विचारलं, "काका, ताईंचे दात कसे बसले? कुठे टोचतात का, बोलताना अडतात का?"

पंच साच्यावरून हात काढून विचारात पडला. काही केल्या त्याला आठवेना.

"बघायचं राहूनच गेलं हो," तो म्हणाला. "ती बोलत होती."